सगळ्या रोपांत मार्कर आला, तरी निम्म्याहून जास्त रोपं लीफ कर्लने गेली. चुकलं कुठे?

पालवी | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज विचारायची वेळ आली.

आमच्याकडे टोमॅटोची एक जुनी लाइन आहे, बी धरलं तरी तशीच राहणारी. फळ घट्ट, झाड आटोपशीर, आणि सूत्रकृमींना दाद देत नाही. तिचं सगळं चांगलं, फक्त पांढरी माशी आली की ती पसरवते त्या लीफ कर्ल या विषाणूरोगापुढे ती टिकत नाही. म्हणून टीवाय-१ हे जनुक असलेल्या एका प्रतिकारक लाइनशी तिचा संकर केला. मग बॅकक्रॉस केला, म्हणजे संकराची रोपं पुन्हा आमच्याच लाइनशी जुळवली, असं दोन वेळा, आणि दोन्ही वेळा रोपं लहान असतानाच पानाचा तुकडा काढून डीएनए तपासला. मार्कर म्हणजे डीएनएवरची ओळखीची खूण. आमचा टीवाय-१ जवळचा, पट्टी दिसली तर जनुक आहे, नाही दिसली तर नाही, अशा प्रकारचा. जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे पट्ट्यांसारखे वेगळे दिसतात त्या थरावर, पट्टी दिसली तीच रोपं पुढे नेली.

दुसऱ्या बॅकक्रॉसची ४० रोपं शेतात लावली. ४० च्या ४० मार्कर पॉझिटिव्ह. आज त्यातल्या २७ रोपांचे शेंडे वाटीसारखे वर वळलेत, पानांच्या कडा पिवळ्या पडल्यात, फुलं गळताहेत. १३ स्वच्छ आहेत.

दोन हंगाम यात गेले. मार्करवर विश्वास ठेवायचा की नाही, एवढंच विचारायचं आहे.

बांधावरून | सोमवार, रात्री १०.१५

पालवीताई, वाईट वाटलं वाचून. मी तीस वर्षं डोळ्यांनी निवड करत आलो. रोगट वाफ्याच्या मधोमध ओळी लावायच्या, आणि जे झाड सगळं सोसून उभं राहील त्याचं बी धरायचं. विषाणू स्वतःच परीक्षा घेतो, त्याला कागदपत्र लागत नाही. जेलवरची पट्टी ही झाडाची खूण आहे, झाड नव्हे. मार्कर वाईट असं मी म्हणत नाही, पण शेताआधी त्याच्यावर भिस्त ठेवू नये असं माझं मत आहे.

नीरक्षीर | सोमवार, रात्री १०.५०

काकांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण शेताची परीक्षाही वाटते तितकी सरळ नसते. पांढरी माशी प्रत्येक झाडावर सारखी बसत नाही. कडेच्या ओळीत जास्त, मधे कमी. जे झाड स्वच्छ दिसतं ते प्रतिकारक असेलच असं नाही, त्याच्यावर योग्य वयात विषाणू पोचलाच नसेल. मी विषाणूंवर काम करतो, आणि असं सुटलेलं झाड प्रतिकारक समजून त्याचं बी धरल्याचं अनेकदा पाहिलंय. पुढच्या पिढीत मग सगळं घर कोसळतं.

ताईंना तीन गोष्टी विचारतो. रोपवाटिकेत जाळी होती का? लागण किती दिवसांच्या रोपांना झाली? आणि त्या २७ मध्ये सगळ्यांची लक्षणं एकसारखी आहेत की एखादं वेगळं दिसतंय?

शिकाऊ | मंगळवार, सकाळी ८.०५

वाचतोय. मार्कर आणि जनुक यांत पुनःसंयोग झाला असेल का? आम्हाला शिकवलंय की १ सेंटिमॉर्गन अंतर म्हणजे शंभरातल्या एका बीजपेशीत दोघांची ताटातूट. मार्कर ५ सेंटिमॉर्गनवर असेल तर ५ टक्के रोपं खोटी पॉझिटिव्ह निघतील.

वाटाणा_सुरकुतलेला | मंगळवार, सकाळी ११.३०

शिकाऊ, विचार बरोबर दिशेने आहे, पण आकडा जुळत नाही. ताटातुटीने चाळिसात दोन-चार रोपं फसतील, २७ नाही. शिवाय नेमकं टीवाय-१ हे असं जनुक आहे की त्याच्या आसपास ताटातूट होणंच कठीण. ते सोलॅनम चिलेन्स या रानटी जातीतून आलंय, सहाव्या गुणसूत्रावर आहे, आणि त्या तुकड्यातला काही भाग टोमॅटोच्या तुलनेत उलटा बसलेला आहे. उलट्या भागाची सुलट्याशी जोडी नीट जमत नाही, त्यामुळे मोठाच्या मोठा तुकडा एकसंध पुढच्या पिढीत जातो. पैदासकारांना त्याचा त्रासच झालाय, कारण जनुकाबरोबर नको ते रानटी सामानही येतं.

पालवीताई, मला तुमच्या प्रश्नात दुसरंच काहीतरी खटकलं. तुम्ही लिहिलंय, ४० च्या ४० पॉझिटिव्ह. ही निवडलेली ४० आहेत हे कळलं. पण निवडायच्या आधी किती रोपं तपासली होती? आणि पहिल्या बॅकक्रॉसला किती तपासून किती आली होती?

पालवी | मंगळवार, दुपारी १.२०

वाटाणा, दोन्ही वेळा ४८ रोपं तपासली. पहिल्या वेळी ४७ मध्ये पट्टी आली, दुसऱ्या वेळी ४६ मध्ये. उरलेल्यांत काहीच आलं नव्हतं, डीएनए बरोबर निघाला नसेल असं धरलं. पहिल्या वेळच्या ४७ मधली दिसायला चांगली सहा झाडं घेऊन त्यांवर पुढचा संकर केला. मला वाटलं संकर उत्तम जमलाय.

नीरक्षीर, जाळी होती पण लावणीनंतर काढली. लागण लावणीनंतर पंधरा-वीस दिवसांत दिसली. सगळी झाडं जवळपास सारखीच आहेत, फक्त एकाची वरची पानं अगदी बारीक, दोरीसारखी झालीत.

वाटाणा_सुरकुतलेला | मंगळवार, दुपारी २.१०

ताई, उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे.

पहिल्या संकराच्या झाडात टीवाय-१ ची एकच प्रत असते. त्याचा तुमच्या लाइनशी बॅकक्रॉस केला की निम्म्या रोपांत ती जाते, निम्म्यांत नाही. म्हणजे ४८ पैकी २४ च्या आसपास पट्टी दिसायला हवी होती. बावीस आली असती, अठ्ठावीस आली असती, तरी मी काही बोलले नसते. ४७ येणं अशक्य. बॅकक्रॉसमध्ये जवळजवळ सगळीच रोपं पॉझिटिव्ह आली की बहुधा एकच अर्थ: ती पट्टी देणाऱ्या लाइनमध्येही आहे आणि घेणाऱ्या लाइनमध्येही. मार्कर खोटं बोलत नाहीये, तो तुमच्या दोन लाइनींत फरकच करत नाहीये.

आता पुढचं गणित बघा. मार्करने काहीच निवडलं नसेल तर पहिल्या बॅकक्रॉसमध्ये निम्म्या झाडांत जनुक, दुसऱ्यात सरासरी चौथ्या हिश्शात. ४० चा चौथा हिस्सा १०. तुमची स्वच्छ झाडं १३. नीरक्षीर म्हणतात तशी दोन-चार सुटलेली धरली तर हिशोब तंतोतंत बसतो.

एक आठवून सांगा. जेलवर तुमच्या जुन्या लाइनचा डीएनए बाजूला चालवला होता का?

पालवी | मंगळवार, दुपारी २.४५

नाही. प्रतिकारक लाइनचा चालवला होता, पट्टी कुठे दिसायला हवी ते कळावं म्हणून. स्वतःच्या लाइनचा नाही.

वाटाणा_सुरकुतलेला | मंगळवार, दुपारी ३.३०

मग आणखी एक धागा जोडते. तुमची लाइन सूत्रकृमींना दाद देत नाही असं तुम्ही पहिल्याच वाक्यांत लिहिलंय. टोमॅटोत हा प्रतिकार जवळपास नेहमी एमआय-१ या जनुकामुळे असतो. तेही रानटी जातीतून आलेलं, सोलॅनम पेरूव्हियानममधून. आणि तेही सहाव्याच गुणसूत्रावर, टीवाय-१ शी घट्ट जोडलेलं. त्या भागातले काही जुने मार्कर मुळात एमआय साठी शोधलेले होते आणि नंतर टीवाय-१ साठीही वापरले गेले. त्यातला नुसता ‘आहे-नाही’ सांगणारा मार्कर असेल तर त्याला रानटी तुकडा दिसतो, पण तो कुठल्या रानातून आला ते कळत नाही.

आज एवढं करा. दोन्ही आईबाप, पहिला संकर, आणि एक रिकामा खळगा, फक्त पाणी घातलेला. हे चार नमुने प्रत्येक जेलवर, प्रत्येक वेळी. आणि मार्कर दोन्ही रूपं वेगळी दाखवणारा घ्या, म्हणजे एक प्रत, दोन प्रती आणि शून्य प्रत हे तिन्ही वेगळे दिसतील. टीवाय-१ चं नेमकं जनुक २०१३ साली हाती लागलंय, तेव्हा जनुकाच्या आतल्याच फरकावर बेतलेले मार्कर आता मिळतात.

बांधावरून | मंगळवार, रात्री ९.००

हे वाचून मला बरं वाटलं. बॅकक्रॉसमध्ये निम्मी येणार हे मीही आयुष्यभर हाताने मोजत आलोय, पण मी मोजायचो रोगट आणि निरोगी. पट्ट्याही तशाच मोजायच्या, हे डोक्यात आलं नव्हतं. तरी माझा प्रश्न राहतोच. शेतात विषाणू फुकट परीक्षा घेत असताना मार्करचा खटाटोप कशासाठी?

वाटाणा_सुरकुतलेला | मंगळवार, रात्री १०.२०

काका, याचं उत्तर मला मनापासून द्यायचं आहे, कारण मी या कामात आले ती याच प्रश्नामुळे.

काही ठिकाणी शेत परीक्षा घेऊच शकत नाही. घेवड्याचं उदाहरण घ्या. मोझॅक या पानांवर ठिपके-चट्टे आणणाऱ्या विषाणूरोगाविरुद्ध त्यात आय नावाचं प्रभावी जनुक आहे, एक प्रत पुरते असं, आणि बीसी-३ नावाचं अप्रभावी, दोन्ही प्रती लागणारं. एकट्या आय ला काही प्रकारचे विषाणू असे भिडतात की झाड मोझॅक न दाखवता मुळापासून काळं पडून मरतं. बीसी-३ जोडीला असेल तर ते टळतं. म्हणून दोन्ही एका वाणात हवीत. पण बीसी-३ च्या दोन्ही प्रती आल्या की झाडावर जवळजवळ कुठलाही प्रकार टोचला तरी ते निरोगीच राहतं, मग आत आय आहे की नाही हे विषाणू टोचून कळायला मार्गच नाही. एक जनुक दुसऱ्याला झाकतं. तिथे मार्कर हाच डोळा.

अप्रभावी जनुकांची गोष्ट तर रोजचीच. विषाणूला स्वतःची प्रथिनं बनवायला झाडाचाच एक कारागीर लागतो, ईआयएफ-४-ई नावाचा. त्या कारागिराचा आकार जरा बदललेला असला की विषाणूला तो वापरता येत नाही, झाडाचं काम मात्र चालू राहतं. मिरचीत हे २००२ साली उलगडलं, पुढे बार्लीच्या पिवळ्या मोझॅकमध्येही तेच सापडलं. पण दोन्ही प्रती बदललेल्या हव्यात, एक जरी जुनी राहिली तरी विषाणूचं भागतं. म्हणजे बॅकक्रॉसमध्ये जनुक असलेलं झाड आणि नसलेलं झाड, दोघंही आजारी पडणार. जुन्या पद्धतीत प्रत्येक बॅकक्रॉसनंतर एक पिढी स्वपरागीकरणाची वाया घालवावी लागायची, फक्त ओळखण्यासाठी. मार्करला एक प्रतही दिसते.

आणि कसावा. आफ्रिकेत कसाव्याच्या मोझॅकने लोकांच्या पोटाचा प्रश्न उभा राहतो. नायजेरियातल्या जुन्या स्थानिक वाणांमध्ये सीएमडी-२ नावाचा जोरदार प्रतिकार सापडला. तो लॅटिन अमेरिकेतल्या कसाव्यात आणायचं काम कोलंबियातल्या आंतरराष्ट्रीय केंद्राने मार्करवर केलं. तिथे तो रोगच नाही. रोग आणून परीक्षा घेणं म्हणजे घराला आग लावून बंब तपासणं. जिथे विषाणू पोचलेलाच नाही तिथे त्याच्याविरुद्धची झाडं आधीच तयार ठेवता येतात, हे मार्करशिवाय कसं जमलं असतं?

नीरक्षीर | बुधवार, सकाळी ७.३०

+१. कसाव्याचाच दुसरा भाग मी सांगतो, म्हणजे काकांचंही म्हणणं राहील. सीएमडी-२ असलेली झाडं ऊतीसंवर्धनातून, पेशींपासून भ्रूण तयार करून, पुन्हा वाढवली तेव्हा त्यांचा प्रतिकार गेला. हे २०१६ साली प्रसिद्ध झालं. झाडाचा वंश तोच, आजूबाजूचा तुकडा तोच, आणि तरी मोझॅकने पानं वेडीवाकडी. म्हणून माझ्याकडे येणारी प्रत्येक मार्कर पॉझिटिव्ह लाइन मी एकदा तरी विषाणूसमोर उभी करतो. केनियात २०११ साली मक्याचा प्राणघातक रोग दिसला, दोन विषाणूंनी मिळून होणारा. तिथेही मार्करचं काम सुरू झालं, पण त्याच्या जोडीला नैवाशाला हजारो लाइनींना मुद्दाम लागण करून पाहणारं केंद्र २०१३ मध्ये उभं राहिलं. दोन्ही लागतात.

पालवीताई, ते दोरीसारख्या पानांचं झाड उपटू नका. त्याचं पान वेगळं जपून ठेवा.

शिकाऊ | बुधवार, दुपारी १२.१०

एक शंका. मार्कर वापरून केलेला वाण जनुकांतरित धरतात का? घरचे विचारतात.

वाटाणा_सुरकुतलेला | बुधवार, दुपारी १२.४०

नाही. संकर परागकणांनीच होतो. मार्कर फक्त वाचतो, झाडात काही घालत नाही.

बांधावरून | बुधवार, रात्री ८.५०

मघाशी कोणीतरी नको त्या रानटी सामानाबद्दल लिहिलं होतं. आमच्या काळी सांगायचे, सहा-सात बॅकक्रॉस केले की सगळं धुऊन निघतं. ते खरं का?

वाटाणा_सुरकुतलेला | बुधवार, रात्री ९.३०

काका, हिशोबाने खरं. प्रत्येक बॅकक्रॉसला परकं सामान निम्म्याने घटतं. तीन बॅकक्रॉसनंतर सरासरी सुमारे ९४ टक्के आपली लाइन परत येते. पण ही सरासरी इतर गुणसूत्रांना लागू. जनुकाला चिकटलेला तुकडा आपण स्वतःच दर पिढीला निवडत असतो, तो असा धुतला जात नाही.

१९८९ साली यंग आणि टँक्सली या दोघांनी टोमॅटोच्या मोझॅकविरुद्धचं टीएम-२ जनुक असलेले वाण घेऊन मार्करने मोजलं की रानटी तुकडा किती लांबीचा उरलाय. सगळ्यात लहान ४ सेंटिमॉर्गन, सगळ्यात मोठा ५१. आणि अकरा बॅकक्रॉस केलेल्या एका वाणात गुणसूत्राची अख्खी भुजा रानटी होती! अकरा बॅकक्रॉस म्हणजे किती हंगाम झाले ते तुम्हाला मी सांगायला नको. जनुकाच्या दोन्ही बाजूंना मार्कर ठेवून आधी एका बाजूने तुटलेलं रोप शोधायचं, पुढच्या पिढीत दुसऱ्या बाजूने. दोन पिढ्यांत तुकडा छाटला जातो. माझ्या लेखी मार्करची खरी कमाई ही आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

पालवी | रविवार, संध्याकाळी ६.१५

निकाल आले. सगळं सविस्तर लिहिते.

जुन्या मार्करने आमच्या लाइनचा डीएनए चालवला. पट्टी आली. प्रतिकारक लाइनच्या शेजारी, त्याच उंचीवर, तितकीच ठळक. पाण्याच्या खळग्यात काही नाही. ते बघून बराच वेळ तशीच बसून राहिले.

मग जनुकाच्या आतला, दोन्ही रूपं दाखवणारा मार्कर मागवून सगळी ४० रोपं तपासली. ९ रोपांत टीवाय-१ ची एक प्रत आहे, ३१ मध्ये नाही. त्या ९ पैकी ८ स्वच्छ तेरांतली आहेत. म्हणजे उरलेली पाच नुसती सुटलेली होती, आणि मी त्यांचंही बी धरणार होते. नववं मात्र रोगट आहे, आणि ते नेमकं दोरीसारख्या पानांचं झाड! जनुक आहे तरी आजारी, हे कसं?

जाता जाता एक चूक सांगते. पहिल्या दिवशी निकाल सगळे उलटेसुलटे लागले, स्वच्छ झाडांत जनुक नाही आणि रोगटांत आहे असं दिसलं. मग लक्षात आलं की ९६ खळग्यांची प्लेट मशीनमध्ये ठेवताना उलटी फिरली होती. पहिला खळगा शेवटच्याच्या जागी. पाण्याचे दोन खळगे मी दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवले होते, त्यामुळे प्लेट फिरली तरी दिसायला सारखीच.

नीरक्षीर | रविवार, संध्याकाळी ७.४०

तुम्ही ते झाड राखलंत हे फार चांगलं केलंत. दोरीसारखी पानं हे लीफ कर्लचं लक्षण नव्हे, काकडीच्या मोझॅक विषाणूचं आहे. तो विषाणू माव्यामार्फत पसरतो. माझा अंदाज, या झाडात दोन्ही विषाणू आहेत. तपासून घ्या.

टीवाय-१ विषाणूला दारात अडवत नाही. झाडाची स्वतःची विषाणू गप्प करण्याची यंत्रणा ते जोरात चालवतं, विषाणूच्या डीएनएवर खुणा चढतात आणि त्याची वाढ मंदावते. विषाणू आत असतो, पण थोडा. काकडीच्या मोझॅक विषाणूकडे नेमकी हीच यंत्रणा बंद पाडणारं प्रथिन आहे. तो आला की टीवाय-१ चं काम ढिलं पडतं, हे २०१४ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलंय. जनुक तिथेच आहे, त्याचे हात बांधलेत. त्या झाडाला दोष देऊ नका, बियाणं हवं असेल तर खुशाल धरा. आणि माव्याकडे लक्ष द्या.

वाटाणा_सुरकुतलेला | रविवार, रात्री ८.३०

पालवीताई, प्लेटवर एकच खूण ठेवा. मी तिसऱ्या रांगेतला पाचवा खळगा रिकामा ठेवते. प्लेट फिरली तर तो लगेच भलत्या जागी दिसतो.

आता थोडी कठीण बातमी. तुमच्या त्या ९ झाडांत सहाव्या गुणसूत्राच्या एका प्रतीवर टीवाय-१ आहे आणि दुसऱ्या प्रतीवर, तुमच्या लाइनकडून आलेलं, एमआय-१. समोरासमोर. स्वपरागीकरण करून टीवाय-१ च्या दोन्ही प्रती मिळवल्यात की सूत्रकृमींचा प्रतिकार गेला. दोन्ही एकाच प्रतीवर आणायची तर त्या मधल्या जागेत तुटलेलं रोप हवं, आणि तिथे तुटणं किती दुर्मीळ ते वर लिहिलंच आहे. म्हणून संकरित वाण करणारे एका आईबापात टीवाय-१ ठेवतात, दुसऱ्यात एमआय-१, आणि संकरात दोघांची एकेक प्रत येते.

पालवी | रविवार, रात्री ९.१०

मला संकरित वाण करायचा नाहीये. लाइन सरळच ठेवायची आहे, बी धरून पुढे जाईल अशी. आणि सूत्रकृमींचा प्रतिकार सोडणार नाही, त्या जमिनीत त्याच्याशिवाय झाड उभंच राहत नाही.

वाटाणा_सुरकुतलेला | रविवार, रात्री ९.४५

मग सहावं गुणसूत्र सोडून द्या. टीवाय-२ अकराव्यावर आहे, पण ते सगळ्या लीफ कर्ल विषाणूंविरुद्ध चालत नाही, आधी तुमच्याकडचा विषाणू कोणता ते बघावं लागेल. मी तुमच्या जागी असते तर टीवाय-५ कडे वळले असते. चौथ्या गुणसूत्रावर आहे, एमआय-१ ला धक्का लागत नाही. अप्रभावी आहे, तेव्हा दोन्ही प्रती लागतील आणि बॅकक्रॉसमध्ये झाडं बाहेरून आजारीच दिसतील. पण तेवढ्यासाठीच तर मार्कर आहे.

बांधावरून | रविवार, रात्री १०.०५

पालवीताई, अप्रभावी असेल तर शेतात दिसणार नाही हे मला आता कळलंय. शेवटी दोन्ही प्रती आलेली रोपं हाती लागली की मला सांगा. माझ्याकडे पांढऱ्या माशीचा असा वाफा आहे की तिथून एकही झाड सुटत नाही. तिथे लावू.

पालवी | रविवार, रात्री १०.२०

नक्की, काका. टीवाय-५ ची लाइन उद्याच मागवते. आणि मागवल्यावर पहिलं काम, तिचा आणि आमच्या लाइनचा डीएनए एका जेलवर शेजारी शेजारी.